परीलोकाची ओढ लागलेल्या वाचकासाठी

मागच्या महिन्यात जालना–भोकरदन एसटीत माझ्या शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती. मांडीवर जाडजूड पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर. राजूरला गणपतीचे भाविक उतरले, नवे चढले, गाडीत एवढा गलका झाला तरी तिने मान वर केली नाही. न राहवून विचारलं, "काय वाचतेस गं?" तिने आधी पुस्तक मिटून छातीशी धरलं, मग पहिलं पान उघडून दाखवलं. सारा जे. मास यांचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'. "दुसऱ्यांदा वाचतेय मॅडम. घरी सांगितलंय, अभ्यासाचं आहे."

त्या वर्तमानपत्राच्या कव्हरपायी हा लेख लिहीत आहे. वाचनालयाच्या टेबलामागे बसून मी अनेक वर्षं पाहते आहे. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मुलं मिरवत नेतात, ऐतिहासिक कादंबरी उघडपणे मागतात, पण प्रेम आणि अद्भुत एकाच पुस्तकात आलं की आवाज खाली जातो. ही आवड लपवण्यासारखी नाही. चारशे पानं इंग्रजीतून झपाटल्यासारखी वाचणारी मुलगी जालन्याच्या एसटीत भेटते, याचा मला मनापासून आनंद झाला. अशा वाचकाला पुढची वाट दाखवावी, एवढाच हेतू आहे. काहींनी ही मालिका नुसती ऐकली असेल, काहींची पाठ असेल; दोघांच्या उपयोगाचं सांगते.

आधी 'फे' या शब्दाचा अर्थ नीट लावून घ्या. शब्दकोशात 'परी' असं मिळेल आणि डोळ्यांपुढे छडी घेतलेली, पंखांची, गोड हसणारी बाहुली येईल. या मालिकेतले फे तसे नाहीत. ते माणसाच्या उंचीचे, देखणे, शतकानुशतकं जगणारे, शब्दात पकडणारे आणि रागावले तर जीव घेणारे आहेत. आपल्याकडे त्यांना जवळचे म्हणजे यक्ष, गंधर्व आणि विद्याधर. वाचताना मनात 'परी'ऐवजी 'यक्ष' धरलात तर निम्मी गोंधळाची पानं सोपी होतील.

आता क्रम. 2015 ते 2021 या काळात या मालिकेची पाच पुस्तकं आली. 2015 साली पहिलं, 'थॉर्न्स अँड रोझेस'. मग दर वर्षी एक: 'मिस्ट अँड फ्युरी', 'विंग्ज अँड रुइन', आणि 2018 चं छोटेखानी 'फ्रॉस्ट अँड स्टारलाइट'. पाचवं 'सिल्व्हर फ्लेम्स' 2021 मध्ये. ती याच क्रमाने वाचायची. चौथं पुस्तक लहान म्हणून गाळू नका, पाचव्यातल्या माणसांची दुखणी तिथेच कळतात. पहिल्या पुस्तकाचा पूर्वार्ध संथ आहे, तिथेच बरेच जण थांबतात. माझा सल्ला असा की पहिलं पूर्ण करा आणि दुसऱ्याची पहिली शंभर पानं वाचा, मगच ही मालिका आपली आहे की नाही ते ठरवा. दुसरं पुस्तक पहिल्याकडे वळून पाहतं आणि तिथे ज्याला आपण प्रेम समजलो त्यालाच प्रश्न विचारतं. मालिकेची खरी ताकद मला तिथे दिसते.

वयाचं स्पष्ट बोलायला हवं. सुरुवातीला ही पुस्तकं किशोरवयीन वाचकांच्या कप्प्यात ठेवली जात होती, पण त्यांत शरीरसंबंधांची उघड वर्णनं आहेत, छळ आणि हिंसा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना मी ती देत नाही. सोळा-सतराच्या वाचकाला अशाच जगाची ओढ असेल तर हॉली ब्लॅक यांचं 'द क्रुएल प्रिन्स' आणि त्याचे पुढचे दोन भाग द्यावेत. तिथेही कपट आणि रक्तपात आहे, पण वर्णनं आवरलेली आहेत. पालकांना एक विनंती. पुस्तक हातातून हिसकावून घेऊ नका. पहिली पन्नास पानं स्वतः वाचा आणि मग मुलीशी बोला. न वाचता केलेली बंदी फक्त कव्हरं वाढवते.

इंग्रजीची भीती हा आपल्याकडचा मोठा अडसर. मराठी माध्यमातून आलेली मुलं मला सांगतात, "मॅडम, प्रत्येक ओळीत दोन शब्द अडतात." अडू द्या. पहिली तीस पानं शब्दकोश न उघडता वाचा. जो शब्द तीनदा आला आणि तरी कळला नाही तोच वहीत लिहा. या मालिकेपुरते पाच-सहा शब्द आधी कळले की गाडी रुळावर येते. 'कोर्ट' म्हणजे कचेरी नव्हे, दरबार. प्रिथियन नावाच्या भूमीत असे सात दरबार आहेत: चार ऋतूंचे आणि पहाट, दिवस, रात्र यांचे. 'ग्लॅमर' म्हणजे झगमगाट नव्हे, नजरबंदी. खरं रूप झाकणारी माया. 'वॉर्ड' म्हणजे दवाखान्यातला नव्हे, आपण गावाची शीव बांधतो तसं मंत्राचं कुंपण. 'बार्गेन' म्हणजे घासाघीस नव्हे, मोडता न येणारं वचन. कैकेयीचे दोन वर आठवा. 'मेट' म्हणजे मित्र नव्हे, जन्मगाठ. आणि 'विनो'. या शब्दावर आमच्याकडे एका शेतकऱ्याच्या मुलीने तक्रारच केली होती. शब्दकोशात तिला 'उफणणे' असा अर्थ मिळाला. "मॅडम, हे लोक रात्रीच्या वेळी ज्वारी उफणतात का?" तिचा अर्थ बरोबर होता. मास बाईंनी तोच शब्द क्षणात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यासाठी वापरला आहे. खळ्यावर वारं सुटलं की टोपलीतून भुसा कसा उडून जातो, हे जिने पाहिलंय तिला ती क्रिया शहरातल्या वाचकापेक्षा लवकर दिसेल. नावांचं म्हणाल तर नायिका फेरा आणि रात्रीच्या दरबाराचा अधिपती रीसँड, असे उच्चार करा.

इंग्रजी अडतं म्हणून खंतावलेल्या वाचकाला मी फेराबद्दल आवर्जून सांगते. बाप आणि दोन मोठ्या बहिणी यांची पोटं भरायला ही एकोणीस वर्षांची मुलगी रानात शिकार करते, आणि तिला धड वाचता येत नाही. पहिल्या भागात एका जीवघेण्या परीक्षेत तिच्यासमोर कोडं लिहिलेलं असतं आणि अक्षरं लागत नाहीत म्हणून तिचा जीव टांगणीला लागतो. पुढच्या भागात तिला बसवून वाचायला-लिहायला शिकवतात. लाखो लोक वाचत असलेल्या मालिकेची नायिका अडखळत अक्षरं जोडते, हे मला फार मोलाचं वाटतं. ती पानं वाचताना तुम्हीही बोट ठेवून वाचत असाल तर तुम्ही तिच्या शेजारीच बसला आहात असं समजा.

पुस्तकं मिळवायची कशी? पाचही विकत घेणं सगळ्यांना झेपत नाही, मग फुटपाथवरची स्वस्त प्रत घ्यावीशी वाटते. मीही एकदा घेतली होती. ऐन रंगात सोळा पानं नव्हती आणि पुढची सोळा दोनदा बांधलेली होती. अक्षरं फिकी, कागद पारदर्शक, पाठीवरचं नाव वाकडं दिसलं की प्रत हातातून खाली ठेवा. त्यापेक्षा पुस्तक भिशी करा. पुस्तकं पाच, म्हणून मैत्रिणीही पाच. प्रत्येकीने एक भाग विकत घ्यायचा. पहिला भाग पाचही जणींनी पाळीपाळीने वाचायचा, प्रत्येकीला पंधरा दिवस. तोवर पुढच्या भागाची खरेदी लांबवता येते आणि पैसे एकदम जात नाहीत. पुढच्या भागातलं मागे असलेलीला सांगायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. आमच्या भिशीच्या मुली मोतीबागेत बसतात. एकीने रहस्य फोडलं म्हणून पुढच्या वेळच्या भेळीचे पैसे तिने दिले.

सार्वजनिक वाचनालयाचा रस्ताही सोडू नका. आपल्या राज्यात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, अ, ब, क, ड अशा वर्गांची वाचनालयं तालुक्या-तालुक्यात आहेत आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. पण खरेदीची यादी करणाऱ्यांना तुमची आवड कळणार कशी? तोंडी विचारून गेलात तर विसरलं जातं. पुस्तकाचं आणि लेखिकेचं नाव, प्रकाशन ब्लूम्सबरी, असं स्वच्छ लिहून पाच-सहा सभासदांच्या सह्यांसह मागणी द्या. मी या टेबलामागची आहे म्हणून सांगते, सह्यांचा कागद फाइलला लागतो आणि खरेदीच्या बैठकीत वाचला जातो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. मालिका संपली की वाचकाला एक रितेपण येतं. पाचवं पुस्तक मिटून मुली येतात आणि विचारतात, "असंच आणखी काय आहे?" मी त्यांना म्हणते, आता घराकडे वळा. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला अंबड, घनसावंगी, परतूरच्या कडेने गोदावरी वाहते. तिच्याच काठाने वर गेलं की पैठण, सातवाहनांचं प्रतिष्ठान. विद्याधरांच्या राज्याची, मर्त्य राजपुत्र आणि आकाशात उडणाऱ्या स्त्रियांच्या प्रेमाची सगळ्यात जुनी मोठी मालिका याच नगरीशी जोडलेली आहे: गुणाढ्याची 'बृहत्कथा'.

तिची जन्मकथा अशी सांगतात. गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारी होता. एक पैज हरल्यावर त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या आणि रानात राहून पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजाने भाषा पिशाचांची आणि अक्षरं रक्ताची म्हणून ती झिडकारली. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान तो मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. हरणं, रानडुकरं, रेडे चरायचं सोडून त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी दोष वाळलेल्या मांसाला दिला, आचाऱ्यांनी पारध्यांना विचारलं, पारध्यांनी सांगितलं की रानातली जनावरं काही खातच नाहीत, एक ब्राह्मण गोष्ट सांगतोय ती ऐकत उभी आहेत. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले होते, नरवाहनदत्ताची कथा, कारण ती शिष्यांना फार आवडायची म्हणून गुणाढ्याने बाजूला ठेवली होती.

ही गोष्ट मी भिशीत सांगितली तेव्हा मुली गप्प झाल्या. उरलं ते वाचकांना आवडलेलं, आणि ते होतं प्रेमाचं आणि अद्भुताचं.

मूळ पैशाची ग्रंथ आज हाती नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी त्यावरून संस्कृतात 'कथासरित्सागर' रचला, तो मराठीत ह. अ. भावे यांनी आणला आहे. अठरा लंबक, 124 तरंग, एवढा पसारा पाहून घाबरू नका आणि पहिल्या पानापासून सरळ वाचतही जाऊ नका. आधी पहिला लंबक वाचा, त्यात गुणाढ्याचीच कथा आहे. मग उदयन आणि वासवदत्ता यांच्या मुलाकडे, नरवाहनदत्ताकडे या. त्याची पत्नी मदनमंचुका हिला मानसवेग नावाचा विद्याधर पळवतो, आणि त्याचीच बहीण वेगवती तिचं रूप घेऊन नरवाहनदत्ताजवळ येते. मघाशी 'ग्लॅमर' शब्द शिकलात ना? तो इथे कामाला येतो. एक मात्र आधीच मनाशी ठेवा. या ग्रंथात गोष्टीच्या पोटात गोष्ट असते, पात्र बोलायला लागलं की दुसरी कथा सुरू होते. वहीत आडव्या रेघेवर मुख्य कथा आणि तिच्याखाली उपकथा लिहीत गेलात तर हरवणार नाही. आणि नरवाहनदत्त अनेक बायका करतो, त्या काळच्या राजासारखा. फेराच्या चाहत्या मुलींना ते खटकतं, खटकायलाच हवं. तेही वहीत लिहा.

सुरुवातीच्या काळातली बरीच मराठी कादंबरीसुद्धा याच दारातून आत आली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' त्यानंतर काही वर्षांनी. हरिभाऊ आपटे वास्तवाकडे वळले आणि पुढे अद्भुताला जरा खालच्या पंक्तीला बसवलं गेलं. या जुन्या कादंबऱ्यांची भाषा आज जड वाटेल. एखादं प्रकरण मोठ्याने वाचून पाहा, मग पुढचं ठरवा.

एक दिवस काढून जायचं असेल तर भोकरदनला जा. केळणा नदीकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत ज्याचं नाव आहे ते. 1973 च्या सुमारास इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची तुटकी मूर्ती मिळाली. तशीच, पण अखंड, वीतभर उंचीची मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन 79 चा, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचलेली. कोणी तिला लक्ष्मी म्हणतात, अनेक अभ्यासक यक्षी म्हणतात. भरगच्च दागिने, हात मानेमागे, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. दोन्ही मूर्तींतलं साम्य पाहून काही अभ्यासकांना वाटतं की पॉम्पेईची मूर्तीही भोकरदनच्याच कारागिरांची असावी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिचं छायाचित्र मोबाइलवर उतरवून घ्या आणि भोकरदनच्या पांढरीवर उभं राहून पाहा. तिथूनच सिल्लोडमार्गे अजिंठा गाठता येतं. सतराव्या लेण्यातली उडती अप्सरा मुद्दाम शोधा, तिच्या गळ्यातले अलंकार वाऱ्याने एका बाजूला गेलेत. सोमवारी लेणी बंद असतात.

लोखंडाबद्दल एक गंमत सांगते. युरोपातल्या लोककथांत फे लोखंडाला भितात. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवतात, दाराला घोड्याची नाल ठोकतात. जालन्याच्या रोलिंग मिलमधून रात्रंदिवस सळई निघते, त्या हिशोबाने इकडे एकही फे फिरकायला नको! हॉली ब्लॅक यांनी हा समज जपला आहे. मास यांच्या मालिकेत माणसांचा हा समज चुकीचा निघतो, फेंना घातक असतं ते ऍश नावाच्या झाडाचं लाकूड. एकच लोकसमजूत दोन लेखिका कशा वेगळ्या वापरतात, हे ताडून पाहिलं की वाचन एक पायरी वर जातं.

आणि आपल्या साती आसरा. विहिरीच्या काठावर, नदीच्या डोहाजवळ शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. आसरा म्हणजे अप्सराच. घराघरातल्या आज्यांकडे त्यांच्या गोष्टी आहेत: पाण्यातून येणारी बांगड्यांची किणकिण, डोहात पडलेलं पातेलं परत मिळणं, भुलून गेलेला गुराखी. त्या गोष्टी गोळा करायच्या असतील तर काही पथ्यं पाळा. आजीसाठी त्या कादंबरीतली पात्रं नाहीत, तिची श्रद्धा आहे. दगड हलवू नका, नैवेद्याला हात लावू नका, तिला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. आणि एखाद्या सुनेला "आसरा लागल्या" असं ऐकू आलं, ती घुमते आहे, जेवत नाही, रडते आहे असं दिसलं, तर वही बाजूला ठेवा आणि तिला डॉक्टरकडे न्यायला घरच्यांच्या मागे लागा. अघोरी उपाय कोणी करत असेल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत जाता येतं. गोष्टीवर माझं कितीही प्रेम असलं तरी कोणाच्या लेकीला तिची किंमत मोजावी लागू नये.

गोष्ट लिहून घेताना आजी जे शब्द वापरेल तेच लिहा, शुद्ध करू नका. ती "बाया" म्हणाली तर "अप्सरा" लिहू नका. आणि गोष्ट सुरू होण्याआधी विहिरीचं नाव, शेत कुणाचं आणि शिवार कोणतं ते विचारून घ्या, कारण गोष्ट रंगात आली की ते विचारायचं राहून जातं. त्या एसटीतल्या मुलीला मी हेच सांगितलं. भोकरदनला उतरताना ती म्हणाली, तिच्या आजोळी परतूरकडे एका विहिरीला आसरांची विहीर म्हणतात, दिवाळीत विचारून येते.